दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेतील स्टिरॉइड इंजेक्शन : कार्य, मर्यादा आणि जबाबदारी



वार्षिक अहवालात जमाखर्च, ताळेबंद आणि वर्षभरातील कामाचा आढावा असतोच. त्याच्या जोडीने रुग्णालयातील एखाद्या उपचाराची माहिती सर्वसामान्य वाचकास समजेल अशा भाषेत द्यावी, असा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय निवडण्यास बिलाच्या खिडकीवर वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न कारणीभूत झाला. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे नातेवाईक बिल वाचताना एका ओळीवर थांबतात आणि विचारतात, “ऑपरेशन पडद्याचे, मग त्यात स्टिरॉइड कशाला?” या प्रश्नात कुतूहलापेक्षा धास्ती अधिक असते. ‘स्टिरॉइड’ म्हटले की अंगावर सूज, वाढलेली साखर, ठिसूळ झालेली हाडे असे काहीबाही ऐकलेले डोळ्यांसमोर येते. दुसरीकडे, औषधखरेदीचा तक्ता पाहणारे आमचे काही देणगीदार नेमके उलटे विचारतात. एवढ्या लहानशा कुपीसाठी फेरतपासणीची एवढी मोठी व्यवस्था कशाला, हा त्यांचा प्रश्न. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे. ते आमच्या नेत्रशल्यचिकित्सकांकडून समजून घेऊन आम्ही येथे मांडत आहोत.

पडदा आणि त्यापुढील पारदर्शक गर

डोळ्याच्या आतील मागच्या भागास अस्तरासारखे चिकटलेले जे नाजूक पटल, त्यास दृष्टिपटल म्हणतात; बोलीभाषेत आपण त्यास डोळ्याचा पडदा म्हणतो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. बाहेरील प्रकाश यावर पडतो, त्याचे विद्युत्-संदेशांत रूपांतर होते आणि ते संदेश नेत्रमज्जेवाटे मेंदूकडे जातात. पडद्याच्या मध्यभागी असलेला मॅक्युला हा लहानसा भाग वाचन, शिवणकाम, चेहरे ओळखणे अशा बारीक दृष्टीचे काम करतो.

नेत्रभिंग आणि पडदा यांच्यामधील पोकळीत कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा एक गर असतो. त्याचे नाव व्हिट्रियस. प्रौढ माणसाच्या डोळ्यात तो सुमारे ४ मिलिलिटर भरतो आणि त्यात जवळजवळ ९८ ते ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अल्पशा भागातील अत्यंत सूक्ष्म तंतूंमुळे त्यास जेलीसारखे रूप येते. वयोमानाप्रमाणे हा गर पातळ होऊन पडद्यापासून अलग होतो. बहुतेकांच्या बाबतीत हे निर्वेध पार पडते. काहींच्या बाबतीत मात्र तो सुटताना पडद्यास ओढ देतो, पडद्यास छिद्र पडते, छिद्रातून द्रव मागे शिरतो आणि पडदा आपल्या जागेवरून सुटतो. यालाच लोक ‘पडदा सरकला’ असे म्हणतात. दीर्घकाळच्या मधुमेहात पडद्यावर नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या उगवतात. त्या गराचा आधार घेऊन वाढतात, फुटून रक्तस्राव करतात आणि पुढे तंतुमय पापुद्रे तयार होऊन पडदा खेचला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. पडद्याच्या शस्त्रक्रियांची गरज का वाढत आहे, हे या एका आकड्यावरून ध्यानी यावे.

अशा रुग्णांवर व्हिट्रेक्टॉमी ही शस्त्रक्रिया केली जाते. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तीन सूक्ष्म छिद्रे करून आत शिरण्याची ही पद्धत आहे. एका छिद्रातून द्रव आत सोडला जातो, दुसऱ्यातून प्रकाशनलिका आणि तिसऱ्यातून गर कापून शोषून घेणारे उपकरण जाते. अमेरिकेतील मायामी येथे डॉ. रॉबर्ट माकेमर यांनी १९७० साली या शस्त्रक्रियेचा पाया घातला. त्या काळची अवजारे जाड होती. आता सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाच्या नलिकांतून हेच काम होते आणि अनेकदा टाकाही घालावा लागत नाही.

न दिसणारे दिसावे म्हणून

अवजारे सुधारली, सूक्ष्मदर्शके सुधारली, तरी एक मूलभूत अडचण राहिली. काढावयाचा गर हा पाण्यासारखा पारदर्शक. निरोगी डोळ्यात हा त्याचा गुण असतो, कारण त्यातूनच प्रकाश पडद्यापर्यंत पोहोचतो. शल्यचिकित्सकासमोर मात्र तोच गुण अडचण होऊन उभा राहतो. सारा गर निघाला असे वाटते आणि पडद्यास घट्ट चिकटलेला एक पातळ थर मागे राहून जातो. राहिलेला थर पुढे आकसतो, पडद्यास पुन्हा ओढतो आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येते. मधुमेही डोळ्यात तर गराचा थर मधोमध दुभंगून एक पापुद्रा निघतो आणि दुसरा तसाच राहतो, असेही घडते.

येथे ट्रायॲमसिनोलोन हे स्टिरॉइड उपयोगी पडते. हे औषध पाण्यात विरघळत नाही. त्याचे पांढरे, सूक्ष्म स्फटिक द्रवात तरंगत असतात आणि कुपी हलविली की दुधासारखे मिश्रण दिसते. हे मिश्रण थोड्या प्रमाणात डोळ्याच्या पोकळीत सोडले असता स्फटिक गराच्या तंतूंत अडकतात आणि जेथे गर शिल्लक आहे तेवढाच भाग पांढरा दिसू लागतो. पहाटे दव पडल्यावर कुंपणावरचे कोळ्याचे जाळे एकाएकी नजरेस यावे, तसाच हा प्रकार आहे. जाळे आधीही असते. दवबिंदूंमुळे ते दिसते. पांढरे दिसणारे सर्व काढून घेतले की शल्यचिकित्सकास आपले काम पूर्ण झाल्याची खात्री पटते. हे स्फटिक गरास रंगवीत नाहीत, केवळ त्यावर बसतात; म्हणून पडद्यावरील अन्य पापुद्रे रंगविण्याकरिता वापरल्या जाणाऱ्या निळ्या रंगद्रव्यांहून याचे काम निराळे आहे.

शस्त्रक्रियेत गर दिसावा म्हणून ट्रायॲमसिनोलोन वापरण्याची पद्धत डॉ. घोलाम पेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केली. लवकरच जपानमधील शल्यचिकित्सकांनी तिचा विस्ताराने अवलंब करून तिचे फायदे नोंदविले. २००३ साली हीच युक्ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही उपयुक्त असल्याचे दाखविण्यात आले. मोतीबिंदू काढताना क्वचित भिंगाचे मागील आवरण फाटते आणि गराचे धागे डोळ्याच्या पुढच्या भागात येतात. ते तसेच राहिले तर पुढे पडद्यास ओढ बसू शकते. ट्रायॲमसिनोलोनचे स्फटिक त्या धाग्यांवर बसले की ते दिसतात आणि काढता येतात. आमच्यासारख्या रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात, त्यामुळे ही कुपी मोतीबिंदूच्या टेबलाजवळही हाताशी ठेवली जाते.

दाह शमविण्याचे काम

स्टिरॉइडचे मूळ कार्य दाह व सूज कमी करणे हे आहे. या वर्गातील कॉर्टिसोन या औषधाचा संधिवातावरील परिणाम १९४८ साली प्रथम दिसून आला आणि त्या संशोधनाकरिता केंडल, राइकश्टाइन व हेंच यांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रायॲमसिनोलोन हे त्याच कुळातील, प्रयोगशाळेत तयार केलेले औषध होय.

शस्त्रक्रिया कितीही हळुवारपणे केली तरी डोळ्याच्या आतील ऊतींना ती इजाच असते. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होऊन त्यांतून प्रथिने पाझरतात, मॅक्युलावर सूज येते आणि पडदा जागेवर बसूनही दृष्टी धूसर राहते. अशा वेळी शस्त्रक्रियेच्या अखेरीस डॉक्टर थोडे स्टिरॉइड डोळ्यात ठेवतात किंवा डोळ्याच्या बाजूस देतात. डोळ्याच्या आत देण्याची प्रचलित मात्रा ०.१ मिलिलिटर मिश्रणात ४ मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन थेंबांइतकी असते. स्फटिक हळूहळू विरत असल्यामुळे औषधाचा परिणाम काही आठवडे ते काही महिने टिकतो. ज्या डोळ्यातील गर काढून टाकलेला आहे, त्यातून मात्र ते लवकर निचरून जाते.

येथे आप्तस्वकीयांच्या मनातील एका शंकेचे निरसन करणे अगत्याचे आहे. गोळ्यांच्या रूपाने दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड आणि डोळ्यात दिलेली ही अल्प मात्रा यांची तुलना होऊ शकत नाही. डोळ्यातून रक्तात जाणारा अंश अतिशय थोडा असतो, त्यामुळे अंगावर सूज येणे किंवा हाडे ठिसूळ होणे यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. मधुमेही रुग्णाने आपली साखर नेहमीप्रमाणे तपासत राहावी, एवढे पुरे.

मधुमेही रुग्णास कधीकधी शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी डोळ्यात एक निराळे इंजेक्शन दिले जाते. नव्या रक्तवाहिन्या सुकवून शस्त्रक्रियेतील रक्तस्राव कमी करणे हा त्याचा हेतू असतो. ते स्टिरॉइड नव्हे. बिलात दोन्ही नावे दिसल्यास एकाच औषधाचे पैसे दोनदा लावले, असा समज कृपया करून घेऊ नये.

जेथे अपेक्षा पूर्ण झाली नाही

देणगीदारांपुढे कोणत्याही उपचाराची एकच बाजू मांडणे योग्य नव्हे. पडदा सुटलेल्या डोळ्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के डोळ्यांत शस्त्रक्रियेनंतर पडद्यावर व्रणासारखे पापुद्रे वाढतात आणि बसलेला पडदा पुन्हा सुटतो. स्टिरॉइडने ही वाढ रोखता येईल, अशी आशा डॉ. माकेमर यांनी १९७९ च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांतून व्यक्त केली होती. ही आशा तर्कास धरून होती, परंतु रुग्णांवरील चाचण्यांत ती फळास आली नाही. लंडन येथील १४० रुग्णांच्या चाचणीत हळूहळू पाझरणारे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड वापरण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार पडदा जागेवर राहण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. डोळा फाटण्याइतकी गंभीर इजा झालेल्या २८० रुग्णांवर ब्रिटनमध्ये ट्रायॲमसिनोलोनची मोठी चाचणी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांतही दृष्टीचा अधिक लाभ दिसला नाही.

याचा अर्थ इतकाच, की हे औषध शल्यचिकित्सकाचे साहाय्यक आहे. ते दाखविते आणि दाह शमविते. पडदा बसविण्याचे काम शल्यचिकित्सकाच्या हातांचे आणि त्यानंतर रुग्णाने पाळलेल्या पथ्याचेच आहे. ‘ते इंजेक्शन दिले असते तर पडदा टिकला असता’ अशी रुखरुख ज्यांच्या मनात असेल, त्यांनी ती काढून टाकावी.

कुपीची निवड

ट्रायॲमसिनोलोन हे मुळात सांधे व स्नायू यांसाठी तयार झालेले औषध. त्या कुप्यांत टिकाऊपणासाठी बेन्झिल अल्कोहोल हे रसायन घातलेले असते. डोळ्याच्या आतील नाजूक पेशींना ते अपायकारक ठरू शकते आणि जंतुसंसर्ग नसतानाही तीव्र दाह उद्भवू शकतो. सुरुवातीच्या वर्षांत अनेक ठिकाणचे शल्यचिकित्सक स्फटिक खाली बसू देऊन वरचा द्रव काढून टाकीत आणि स्फटिक धुऊन वापरीत. पुढे केवळ डोळ्यासाठी, या रसायनाविना तयार केलेली कुपी उपलब्ध झाली; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तशा औषधास २००७ साली मान्यता दिली. आपल्या देशातही मदुराई येथील ऑरोलॅब या संस्थेने असे औषध परवडणाऱ्या दरात उपलब्ध केले आहे.

खरेदी समितीपुढे कधीकधी सांध्यांसाठीच्या कुपीचा दर ठेवला जातो आणि तो कमी दिसतो. दरपत्रकात दोन्ही कुप्यांवर औषधाचे नाव एकच असते. तरीही डोळ्याच्या आत वापरावयाची कुपी त्याच कामासाठी बनविलेली असावी आणि एक कुपी एकाच रुग्णासाठी वापरावी, हा नियम आम्ही पाळतो. उरलेले औषध दुसऱ्या रुग्णासाठी ठेवल्यास काही रुपये वाचतील. पण जंतुसंसर्ग झाला तर एक डोळा कायमचा जाऊ शकतो. अशा बचतीस आमच्या हिशेबात स्थान नाही.

डोळ्यातील दाब : न दुखणारा धोका

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. स्टिरॉइडमुळे काही व्यक्तींच्या डोळ्यातील द्रवाचा निचरा मंदावतो आणि दाब वाढतो. उपचार म्हणून पूर्ण मात्रा डोळ्यात ठेवल्यास साधारणपणे तीनांपैकी एका रुग्णात दाब लक्षणीय वाढल्याचे अनुभवास आले आहे. शस्त्रक्रियेत केवळ गर दिसण्यासाठी वापरलेले औषध बहुतांशी शोषून बाहेर काढले जाते, म्हणून तेथे हा धोका कमी असतो. तथापि तो शून्य नसतो. ज्यांना आधीपासून काचबिंदू आहे किंवा ज्यांच्या घरात तो आहे, त्यांनी अधिक सावध असावे. याखेरीज, ज्यांच्या डोळ्यात नैसर्गिक भिंग आहे त्यांना मोतीबिंदू लवकर होऊ शकतो.

दाब वाढण्याची वेळ फसवी असते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी तो अनेकदा ठीक असतो आणि काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी वाढतो. तोवर पट्टी निघालेली असते, दिसू लागलेले असते आणि रुग्ण कामास लागलेला असतो. वाढलेला दाब सहसा दुखत नाही. तो नेत्रमज्जेस हळूहळू इजा करतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणजे ज्या डोळ्यातील पडदा अनेकांच्या परिश्रमाने जागेवर बसविला, तोच डोळा काचबिंदूने गमावण्याची वेळ येऊ शकते. यातील दिलासा देणारी बाब अशी, की वेळेवर कळल्यास बहुतेक रुग्णांचा दाब साध्या थेंबांनी आटोक्यात राहतो. शस्त्रक्रियेची गरज फार थोड्यांना पडते. दाब मोजण्यास काही मिनिटेच लागतात. त्यासाठी रुग्ण मात्र समोर असावा लागतो.

म्हणून स्टिरॉइड दिलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर लाल शिक्का मारला जातो आणि दाबतपासणीच्या तारखा त्यावरच लिहून दिल्या जातात. या तपासण्यांसाठी वेगळे शुल्क आकारले जात नाही. ठरल्या तारखेस न आलेल्या रुग्णाच्या घरी आमचे समाजसेवा कर्मचारी दूरध्वनी करतात.

आप्तस्वकीयांस विनंती

१. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नजरेसमोर पांढरे कण किंवा धूर तरंगल्यासारखे वाटल्यास घाबरू नये. ते उरलेले स्फटिक असू शकतात आणि कालांतराने विरतात. तरी पुढील तपासणीत डॉक्टरांना अवश्य सांगावे.

२. डोळ्यात वाढते दुखणे, लाली, पापणीची सूज, पू किंवा नजर एकदम कमी होणे यांपैकी काहीही आढळल्यास तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे. हे जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते व त्यात तासांचेही मोल असते.

३. ‘आता चांगले दिसते’ म्हणून दाबतपासणी टाळू नये. दाब चांगल्या दिसणाऱ्या डोळ्यातही वाढतो.

४. थेंब डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज बंद करू नयेत, आणि जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब परस्पर आणून घालू नयेत.

५. घरात कोणास काचबिंदू असल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मनात येईल तो प्रश्न विचारावा. तो आपला हक्क आहे.

निधीविषयी

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात, असा कायद्याचा दंडक आहे. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. त्यातून गरजू रुग्णाच्या उपचाराचा खर्च भागतो. तथापि तपासणीसाठी गावाहून येण्याचे एसटीचे भाडे आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी हा खर्च उपचाराच्या बिलात कोठेच दिसत नाही. पेरणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत शेतमजूर कुटुंबास या दोन गोष्टीच फेरतपासणीपासून रोखतात. शस्त्रक्रिया विनामूल्य झालेला रुग्ण भाड्याअभावी दाबतपासणीस येऊ शकला नाही, तर शस्त्रक्रियेवर झालेला खर्चही व्यर्थ जाण्याचा संभव असतो.

यंत्रासाठी देणगी दिली की त्यावर नाव कोरता येते, आणि देणगीदारांची ती इच्छा स्वाभाविक आहे. फेरतपासणीच्या प्रवासखर्चासाठी दिलेल्या देणगीचा फलक कोठेही लावता येत नाही. तरीही आमच्या अनुभवास आलेले असे आहे, की शस्त्रक्रियागृहात जे कमावले ते टिकविण्याचे काम या लहान रकमा करतात. स्टिरॉइडची कुपी स्वस्त आहे आणि उपयुक्तही आहे. परंतु ती वापरणाऱ्या रुग्णालयाने रुग्णास पुढील काही महिने नजरेआड होऊ देता कामा नये. या कर्तव्याची किंमत कुपीच्या किमतीत धरलेली नसते. ती आपण सर्वांनी मिळून उचलावी, अशी आमची नम्र प्रार्थना आहे.

ज्या देणगीदारांना या कार्यास साहाय्य करावयाचे असेल, त्यांनी देणगी देताना ‘दृष्टिपटल फेरतपासणी’ असा उल्लेख करावा. त्या रकमेचा हिशेब अहवालात स्वतंत्रपणे दिला जाईल. आणि ज्या रुग्णांच्या आप्तांच्या हाती हा अहवाल पडेल, त्यांनी घरातील केसपेपर एकवार काढून पाहावा. त्यावर लाल शिक्का असेल आणि तारीख उलटून गेली असेल, तर कोणतीही भीड न बाळगता यावे. उशीर झाला म्हणून येथे कोणीही रागावणार नाही.